दोघींचे पाय: न्यूरोपॅथीसाठी मोजे आणि बूट शोधतानाच्या प्रकल्प नोंदी

१४ जानेवारी

आजपासून ही वही. घरात पेरिफेरल न्यूरोपॅथी (हातापायांच्या नसांचा बिघाड) असलेली माणसं दोन, मी आणि माझ्या सासूबाई. माझी केमोथेरपीनंतरची. पॅक्लिटॅक्सेल हे केमोचं औषध चालू असताना पायाच्या बोटांच्या टोकांना मुंग्या यायला लागल्या, औषध संपलं तरी तळव्यांची आग राहिली. आईंची मधुमेहामुळे, बऱ्याच वर्षांची. फाइलवर दोघींचं निदान एकच आहे, पाय मात्र उलट वागतात. मला मोज्याची शिवण सहन होत नाही, रात्री चादरीचा नुसता स्पर्श नको होतो. आईंच्या पायांना काही कळतच नाही. गेल्या आठवड्यात त्यांच्या बुटात पेनाचं टोपण पडलं होतं. ते पायाखाली घेऊन त्या संध्याकाळभर वावरल्या. बूट काढला तेव्हा चवड्याखाली टोपणाचा ठसा उमटलेला, अगदी क्लिपच्या कडेसकट, भोवतालची कातडी लाल. आणि आई विचारतायत, "एवढं काय बघतेस?"

त्या रात्री ठरवलं की हे काम नीट हातात घ्यायचं. दोघींना बाहेर घालायला एकेक बूट, घरात वावरायला एकेक जोड, आणि रोज बदलता येतील एवढे मोजे. खोक्यावर ‘मऊ’ किंवा ‘मधुमेहींसाठी’ छापलंय एवढ्यावर काहीही घ्यायचं नाही.

१७ जानेवारी

फिजिओथेरपिस्टकडे दोघींची तपासणी झाली. मोनोफिलामेंट म्हणजे दांडीला लावलेली नायलॉनची बारीक तार. ती कातडीवर टेकवून वाकेपर्यंत दाबतात. वाकते तेव्हा बरोबर १० ग्रॅमचा जोर पडलेला असतो. डोळे मिटायचे आणि कळलं की ‘हो’ म्हणायचं. सेम्स आणि वाइनस्टाइन या दोन संशोधकांच्या नावाने ही तपासणी ओळखली जाते. आईंना अंगठ्याखाली आणि चवड्याखाली, दोन्ही पायांना, एकदाही कळलं नाही. मला सगळीकडे कळलं, पण नंतर त्यांनी कापसाचा बोळा हलकेच फिरवला तेव्हा मी पाय ओढून घेतला. १२८ हर्ट्‌झचा ट्यूनिंग फोर्क अंगठ्याच्या हाडावर टेकवला तर त्याची थरथर दोघींनाही समजली नाही.

याचं कारण त्यांनी छान समजावलं. पायाच्या बोटांपर्यंत जाणाऱ्या नसा शरीरात सगळ्यांत लांब असतात आणि इजा आधी त्यांच्याच टोकाला होते. म्हणून त्रास मोजा चढवावा तसा बोटांपासून घोट्याकडे सरकतो, आणि तो पोटरीवर बराच वर आला की मग हातांची बोटं सुरू होतात. नसांमधले बारीक तंतू वेदना आणि उष्ण-थंड सांगतात, जाड तंतू स्पर्श, कंपन आणि पाय कुठे आहे ते सांगतात. बारीक तंतू बिघडले की आग आणि टोचणी. जाड तंतू गेले की बधिरपणा आणि तोल जाणं. बहुतेकांना दोन्ही थोडं थोडं असतं.

डॉक्टरांनी आईंचं बी१२ जीवनसत्त्व तपासायला सांगितलं, कारण मेटफॉर्मिन हे मधुमेहाचं औषध वर्षानुवर्षं घेतलं की ते कमी होऊ शकतं आणि त्यानेही नसांना इजा होते. शिवाय पायाच्या नाड्या तपासून घेतल्या. रक्तपुरवठा कसा आहे ते कळल्याशिवाय घट्ट मोजे घालायचे नाहीत असं बजावलं.

२१ जानेवारी, संध्याकाळ

पाय मोजले. संध्याकाळीच, कारण दिवसभरात पाय सुजतात. सकाळी मापलेला बूट संध्याकाळी आवळतो. भिंतीला टाच टेकवून कागदावर उभं राहायचं, दोन्ही पायांवर वजन सारखं, आणि दुसऱ्याने पेन्सिल सरळ धरून बाह्यरेषा काढायची. पेन्सिल आत झुकली की माप कमी भरतं.

मी: डावा २४१ मिलिमीटर, उजवा २४५. रुंदी ९६ आणि ९८.
आई: डावा २३६, उजवा २३४. रुंदी १०१ आणि १००. डाव्या पायाचं दुसरं बोट वाकून वर आलंय, त्यामुळे बोटांपाशी उंचीही मोजावी लागली.

मग त्या बाह्यरेषा कात्रीने कापल्या आणि घरातल्या प्रत्येक बुटाचं इनसोल, म्हणजे आतली सुटी गादी, काढून त्यावर ठेवल्या. आईंच्या एकाही बुटात त्यांचा स्वतःचा कागदी पाय मावला नाही. चवड्यापाशी दोन्ही बाजूंनी कागद बाहेर येत होता. त्या म्हणाल्या, "पण मला तर हेच बरे वाटतात. सैल बूट पायात आहे की नाही तेच समजत नाही गं."

हे वाक्य मी मुद्दाम जसंच्या तसं लिहून ठेवते आहे. बधिर पायाला बूट ‘जाणवतो’ तो आवळल्यावरच. त्यामुळे अशी माणसं दुकानात हमखास एक माप लहान घेतात आणि मनापासून सांगतात की बरोबर बसतोय. आईंच्या पायाला विचारून बूट घेता येणार नाही. माझ्या पायाला विचारूनही नाही, कारण तो निरुपद्रवी शिवणीवरही किंचाळतो. विचारायचं ते कागदाला, हाताला आणि डोळ्यांना.

२२ जानेवारी

मापाचा हिशोब. युरोपीय क्रमांक एकाने वाढला की बुटाचा साचा दोन तृतीयांश सेंटिमीटरने वाढतो, म्हणजे साधारण ६.७ मिलिमीटर. ब्रिटिश क्रमांक एकाने वाढला की एक तृतीयांश इंच, म्हणजे साडेआठच्या आसपास. पण दोन कंपन्यांचा सारखाच क्रमांक सारखा निघतोच असं नाही. म्हणून क्रमांक विसरायचा, आतली लांबी मोजायची. सर्वांत लांब बोटाच्या पुढे १ ते २ सेंटिमीटर मोकळे. रुंदी चवड्याच्या सर्वांत रुंद भागाएवढी. उंची अशी की वाकलेलं बोटही छताला टेकणार नाही. आणि मोठा पाय धरून माप ठरवायचं.

२८ जानेवारी

आधी मोजे. बुटाच्या आत जाणारी गोष्ट आधी ठरली पाहिजे, कारण जाड मोजा घातला की तोच बूट लहान होतो.

बाजारातले आणि घरातले बरेच मोजे उलटे करून टेबलावर मांडले. मोज्याचं खरं रूप उलट बाजूला दिसतं. बोटांवरून आडवी जाणारी शिवण काही मोज्यांत दोऱ्याच्या जाड वळीसारखी उभी असते आणि तिची टोकं दोन्ही कडांना गाठीसारखी फुगतात. करंगळीवर घासते ती हीच गाठ. काही मोज्यांत दोन्ही कडांचे टाके एकेक जुळवून जोडलेले असतात. तिथे बोट फिरवलं तरी जेमतेम रेघ लागते. ‘सीमलेस’ छापलेल्या दोन मोज्यांत मात्र चांगली दणकट शिवण होती. खात्री करायची तर हाताच्या मागच्या बाजूवर, मनगटाजवळ, मोजा घासून बघायचा. तिथली कातडी पातळ असते आणि माझ्या हाताला अजून सगळं खरं कळतं.

साधा उपाय, पैसे न लागणारा: शिवण असलेला मोजा उलटा घालायचा. आई आजपासून तेच करतायत.

वरचं इलॅस्टिक हा दुसरा मुद्दा. मोजा काढल्यावर पोटरीवर वळ उमटत असेल तर तो मोजा बाद. काही मोज्यांना वर इलॅस्टिकची पट्टी नसतेच, विणच सैल ठेवून ताणली जाईल अशी केलेली असते. ते दिवसभरात थोडे खाली सरकतात, पण वळ उठत नाही. गुडघ्यापर्यंतचे मोजे आईंसाठी नकोत. दाब देणारे मोजे तर डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय अजिबात नाहीत.

धाग्यांबद्दल. निव्वळ सुती मोजा हाताला छान लागतो, पण घाम शोषून ओलाच राहतो. ओली कातडी लवकर सोलवटते. बारीक मेरिनो लोकर ओल धरूनही कोरडी वाटते. लोकरीचा तंतू ३० मायक्रॉनच्या पुढे जाड झाला की कातडीला टोचतो; मेरिनो त्याहून बराच बारीक असतो, म्हणून टोचत नाही. बांबूचे म्हणून जे मोजे विकले जातात ते व्हिस्कोज असतात, गुळगुळीत असतात, मला ते चालले. थोडं नायलॉन आणि थोडं इलास्टेन, म्हणजे ताणला जाणारा धागा, लागतंच, नाहीतर धुतल्यावर मोजा ढगळ होतो आणि बुटात त्याची चुणी पडते. आईंच्या पायाखाली चुणी म्हणजे दिवसभर खडा.

रफू केलेले मोजे घालायचे नाहीत. रफूची जागा कडक होते. हे आईंना पटायला वेळ लागला.

५ फेब्रुवारी

माझ्यासाठी आज महत्त्वाची गोष्ट लक्षात आली. मी आतापर्यंत सैल, तलम, हलके मोजे शोधत होते आणि नेमके तेच जास्त त्रास देत होते.

संध्याकाळी आग वाढली तेव्हा तळवा दोन्ही हातांनी घट्ट दाबून धरला. आग कमी झाली. मग बोटांच्या टोकांनी त्याच जागेवरून हलकंसं फिरवलं, तर नकोसं झालं. फिजिओथेरपिस्टना विचारलं. त्या म्हणाल्या, हलका, सरकता स्पर्श वेदनेसारखा लागणं हा अ‍ॅलोडिनियाचा (एरवी न दुखणारी गोष्टही दुखण्याचा) एक ठळक प्रकार आहे, आणि अशा पुष्कळ जणांना स्थिर, सारखा पसरलेला दाब त्या मानाने सोसतो. सैल मोजा प्रत्येक पावलाला कातडीवरून सरकतो. पायाला अंगासरशी बसणारा, न हलणारा मोजा सरकतच नाही.

तेव्हा मला पाहिजे तो मोजा: तळव्याला आणि पायाच्या मधल्या कमानीला नीट धरून ठेवणारा, बोटांवर गुळगुळीत, वर न आवळणारा. टेरीच्या टॉवेलसारखे आतून फासे असलेले मोजे मला नकोत. फाशांचं टोक बोटांमध्ये कुचकुचतं. आईंना मात्र तळव्याखाली तेच फासे पाहिजेत, कारण त्यांच्या चवड्याखालची चरबीची गादी वयानुसार पातळ झाली आहे.

एकाच घरात एकाच आजाराला दोन उलट मोजे. म्हणून कुणी मला विचारलं, ‘न्यूरोपॅथीसाठी चांगले मोजे कोणते?’, तर मी आधी विचारणार, पाय ओरडतो की गप्प बसतो?

९ फेब्रुवारी

आईंचे सगळे नवे मोजे पांढरे किंवा फिक्या रंगाचे. रक्त किंवा पाणी लागलं तर डाग लगेच दिसतो. काळ्या मोज्यात काही दिसत नाही.

१५ फेब्रुवारी

बुटांची दुकानं. कागदी पाय, मोजपट्टी आणि ठरवलेले मोजे बरोबर.

पायात घालायच्या आधी हाताने करायच्या तपासण्या ठरवल्या. बूट टाचेच्या मागे चिमटीत धरून दाबायचा. ती भिंत चेपली जाता कामा नये, नाहीतर टाच आत डुगडुगते. मग पुढचं टोक वर दुमडायचं. बूट चवड्याच्या रेषेवर वाकला पाहिजे, जिथे पाऊल वाकतं तिथेच. मध्यावर वाकणारा बूट परत ठेवायचा. दोन टोकं धरून पिळून बघायचा, फडक्यासारखा पिळला गेला तर नको. शेवटी हात पूर्ण आत घालून छत, बाजू आणि सगळ्यांत पुढचा कोपरा चाचपायचा. बाहेरून गुळगुळीत दिसणाऱ्या एका बुटात आत, बरोबर करंगळीच्या सांध्यावर, दोन शिवणी एकमेकींना छेदत होत्या. डोळ्यांना ती जागा दिसणं शक्य नव्हतं.

आईंना एक बिनलेसचा, पुढे निमुळता बूट आवडला. पायात सहज सरकला, छान दिसत होता. मी कागद काढला. त्या म्हणाल्या, "कागद ठेव बाजूला, मी चालून बघते." चालल्या आणि म्हणाल्या, "एकदम मापात." विक्रेते दादाही म्हणाले, "वापरून सैल होईल ताई, चामडं आहे." मी म्हटलं, "आई, तुमच्या करंगळीवर मी बुटाच्या वरून बोट ठेवते. मी दाबते आहे की नाही ते सांगा." मी चांगलं दाबलं. त्या वाट बघत उभ्या होत्या. मग स्वतःच म्हणाल्या, "दे तो कागद."

वापरून सैल होणारा बूट ज्यांना दुखतं त्यांच्यासाठी ठीक. सैल होईपर्यंत ती माणसं तो काढून ठेवतात. आईंच्या पायाला तेवढ्यात जखम होईल. त्यांना पहिल्या दिवसापासून बसणाराच बूट हवा.

काही घेतलं नाही. मात्र जास्त उंचीचे, म्हणजे आत जाड इनसोल मावेल अशी जागा ठेवलेले बूट असतात, ते बघून ठेवले.

१८ फेब्रुवारी

पॉल ब्रँड यांच्याबद्दल वाचते आहे. जन्म १९१४ चा, भारतातलाच; शल्यचिकित्सक. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये कुष्ठरुग्णांवर त्यांनी काम केलं, पुढे अमेरिकेत लुइझियानातल्या कारव्हिल इथे. कुष्ठरोगातही नसा मरतात. बोटं आपोआप झडतात असं तेव्हा मानलं जाई. ब्रँड यांनी दाखवून दिलं की वेदना नसल्यामुळे न कळलेल्या इजांनी ती जातात.

पायाला इजा कशी होते याचे त्यांनी केलेले प्रकार माझ्या फार कामाचे आहेत. एक, थेट जखम: खिळा, काच, भाजणं. दोन, थोडाच पण तासन्‌तास न हलणारा दाब: आवळणारा बूट. एवढ्याशा दाबाने बारीक रक्तवाहिन्या मिटून राहतात आणि ती जागा मरते. तीन, मध्यम दाब पण पुन्हा पुन्हा त्याच ठिकाणी, पावलागणिक. धडधाकट माणूस एका जागी दुखू लागलं की नकळत चाल बदलतो, वजन जरा बाजूला टाकतो. बधिर पाय शेवटपर्यंत त्याच जागेवर पडत राहतो.

हे वाचल्यावर आईंचं वेळापत्रकच बदललं. दिवसातून मध्ये एकदा जोड बदलायचा. दोन वेगळे बूट दोन वेगळ्या जागी दाबतात, म्हणून एकाच जागेवर दिवसभराचा भार येत नाही.

२३ फेब्रुवारी

मऊपणाबद्दल. आज एक फार जाड, फार मऊ फोमचा बूट घालून बघितला. बसल्या बसल्या अतिशय सुख वाटलं. आग अर्ध्यावर आली. उभी राहिले आणि तोल शोधावा लागला. पाय टेकलाय की नाही हे मला मुळातच कमी कळतं. त्यात खाली दबणारा, कलणारा थर आला की उरलीसुरली माहितीही वर पोचत नाही. वयस्कर माणसांच्या तोलावर झालेल्या अभ्यासांत पातळ, टणक सोलवर तोल जास्त चांगला राहतो असं आढळलं आहे.

म्हणजे दाब कमी करायचा तर गादी पाहिजे, तोल सांभाळायचा तर गादी कमी पाहिजे. मला यातून असा मार्ग सुचतो: सोल रुंद आणि टणक, आणि मऊपणा आत, पायाला लागून असलेल्या इनसोलमध्ये, थोड्याच जाडीचा. पुढून होडीसारखा वर वळलेला, घरंगळणारा सोल चवड्यावरचा भार खरंच कमी करतो. पण आई त्यात डगमगल्या. त्यांना तो नको. दुसऱ्या कुणाला, चवड्याखाली वारंवार जखम होत असेल तर, तोच बूट योग्य ठरेल, आणि ते ठरवायचं पायांच्या तज्ज्ञांनी.

२ मार्च

आईंसाठी एक बूट घरी आला: जास्त उंचीचा, रुंद, आत शिवण नसलेलं अस्तर, वर वेल्क्रोच्या दोन पट्ट्या. परत करता येईल अशा बोलीवर घेतला, म्हणून फक्त घरात, स्वच्छ जमिनीवर.

पद्धत: अर्धा तास घालायचा, काढायचा, पाय बघायचा. तळवा आरशात, नाहीतर मी बघते. लाली काही मिनिटांत गेली तर ठीक. टिकून राहिली तर त्या जागी बूट चुकतो आहे. रोज वेळ थोडी वाढवायची.

शिवाय कातडीचा तापमापक. दूरून मोजणारा, इन्फ्रारेड. दोन्ही पायांच्या त्याच त्याच जागा, रोज त्याच वेळी, बूट काढून थोडं बसल्यावर. दोन पायांत एकाच जागी २.२ अंश सेल्सिअसपेक्षा जास्त फरक लागोपाठ दोन दिवस दिसला, तर तिथे आत काहीतरी सुरू आहे असं समजून चालणं कमी करायचं आणि दाखवायचं. जखम डोळ्यांना दिसायच्या आधी उष्णता वाढते. आणि पाय लाल, गरम, सुजलेला दिसला तर तो दुखत नसला तरी त्याच दिवशी डॉक्टर. ‘दुखत नाही ना, मग उद्या बघू’ हे वाक्य आमच्या घरात आता चालत नाही.

७ मार्च

बूट परत. डाव्या पायाच्या वाकलेल्या बोटावर लाली बराच वेळ टिकली, दुसऱ्या दिवशीही. हात आत घालून पाहिलं तर बोटांवरचं छत मध्यभागी खाली झुकलेलं होतं. आता त्याच बांधणीचा पण पुढे ताणलं जाणारं कापड असलेला मागवला आहे.

१० मार्च

माझा बूट मिळाला. लेसचा. वेल्क्रो सोपं असतं, पण मला लेस आवडते कारण तिच्यामुळे प्रत्येक जागेचा दाब वेगळा ठेवता येतो. माझ्या उजव्या पायाच्या वरच्या बाजूला एक जागा आहे, तिथून लेस गेली की पायभर झणका येतो. तिथली भोकं सोडून दिली, लेस बाजूने सरळ वर नेली. फुलीफुलीची लेस पायावर गाठीगाठीने दाबते. आडव्या समांतर पट्ट्यांत ओवली की दाब पसरतो. सगळ्यांत वरच्या दोन भोकांत फास करून टाच मागे घट्ट बसवली. आता पाऊल पुढे सरकत नाही आणि बोटांपुढची मोकळी जागा मोकळीच राहते.

जीभही बघावी. हिची कड शिवलेली नाही, नुसती कापलेली आहे, म्हणून घोट्यापुढे टोचत नाही.

१६ मार्च

आईंचा दुसरा बूट बसला. लाली नाही, तापमानात फरक नाही, कागदी पाय आत सपाट मावतो. आईंचं मत: "पायात काही नसल्यासारखं वाटतं." पूर्वी त्या हे तक्रार म्हणून सांगत, आज कौतुकाने म्हणाल्या. मला खूप बरं वाटलं.

दाराजवळ एक नवी रीत सुरू केली आहे. बूट घालायच्या आधी उलटा करून झटकायचा आणि मग हात आत पूर्ण फिरवायचा. दर वेळी, अगदी दोन मिनिटांसाठी जायचं असलं तरी.

२४ मार्च

घरातलं पादत्राण. हे काम बाहेरच्या बुटापेक्षा अवघड निघालं. अनवाणी चालायचं नाही हे नक्की. मोज्यांवरही नाही, घसरायला होतं. अंगठ्यातली चप्पल आईंना बाद: पट्टा अंगठा आणि बोटाच्या बेचक्यात घासतो, आणि चप्पल धरून ठेवायला बोटं सतत आकडावी लागतात. बधिर पायातून चप्पल निसटली तरी कळत नाही. आई मागे एकदा एका चपलेवर स्वयंपाकघरापर्यंत आल्या होत्या.

पाहिजे ते: मागून बंद, वरून पट्ट्याने सैल-घट्ट करता येणारं, सोल पातळ आणि न घसरणारं. शेवटी दोघींसाठी कापडी, वेल्क्रोचे, पूर्ण उघडणारे बूट घेतले. माझ्या पायांची आग होते त्या दिवशीही त्यात पाय न घासता ठेवता येतो, कारण तो सरकवावा लागत नाही. उघडायचा, पाय ठेवायचा, मिटायचा.

रात्री उठताना तोल जास्त जातो, कारण पायांची कसर डोळे भरून काढत असतात आणि अंधारात तेही नसतात. पलंगाखाली बूट आणि हाताशी दिवा, दोन्ही ठेवले.

६ एप्रिल

इनसोल. आईंच्या बुटातलं पॉलिएथिलीन फोमचं, पायाच्या आकारात बसणारं. पहिले काही आठवडे छान, मग चवड्याखाली खळगा पडून तिथे ते पुठ्ठ्याएवढं पातळ झालं. अंगठ्याने दाबलं तर खालचं टणक सोलच लागतं. हा फोम आकार घेतो, पण दबलेला परत वर येत नाही. पॉलियुरेथेनचा थर पुन्हा वर येतो, पण आकार तितका घेत नाही. ऑर्थोटिस्टनी (पायासाठी आधार आणि इनसोल बनवून देणाऱ्या तज्ज्ञांनी) दोन्ही एकावर एक लावून दिले, आकार घेणारा वर. आता महिन्यातून एकदा इनसोल काढून अंगठ्याने दाबून बघायचं.

नवं इनसोल घातल्यावर बुटाची उंची पुन्हा तपासली. जाडी वाढली की बोटांवरचं छत जवळ येतं.

२० एप्रिल

थंड पाय. माझे पाय हाताला गरम लागतात तेव्हाही मला आतून गार वाटतात, आणि आईंचे खरंच गार असतात. गरम पाण्याची पिशवी, हीटर, शेक हे सगळं बंद. बधिर कातडी भाजली तरी कळत नाही. पाय धुवायचं पाणीसुद्धा आधी कोपराने बघायचं. आईंना रात्री सैल, बिनशिवणीचे लोकरी मोजे. मला रात्री मोजे अजिबात नाहीत. पायाशी उशा उभ्या करून चादर उचलून धरली की तिचा स्पर्श होत नाही.

घाम कमी येणं हाही नसांचाच बिघाड. आईंच्या टाचा त्यामुळे कोरड्या पडून भेगाळतात. रात्री मलम, बोटांच्या बेचक्या सोडून. बेचक्यांत ओल राहिली की बुरशी येते. घट्टा दिसला तर घरी ब्लेड लावायचं नाही, कुरूप घालवायच्या औषधी पट्ट्याही नाहीत. घट्टा म्हणजे तिथे दाब जास्त आहे, म्हणजे पुन्हा बूट तपासायचा.

४ मे

मोज्यांची छाटणी केली. तळव्याचा भाग ताणून उजेडासमोर धरले. जिथून उजेड आरपार दिसला ते काढून टाकले. माझे मधल्या कमानीपाशी ढिले पडलेलेही काढले, कारण ते आता सरकतात.

आईंच्या डाव्या चवड्याखाली किंचित घट्टा परत दिसतो आहे. तापमान दोन्हीकडे सारखं, लाली नाही. ऑर्थोटिस्ट पुढच्या भेटीत पायाखालच्या दाबाचा ठसा घेऊन तिथला थर थोडा कोरायचा का ते ठरवणार आहेत. त्यांनी येताना आत्ताचे बूट आणि आधीचे जुने बूट दोन्ही आणायला सांगितलंय. सोल कुठे झिजलाय ते त्यांना पाहायचंय. दोन्ही जोड पिशवीत घालून ठेवले, आणि तापमानाचा तक्ताही.